थोरली डिस्क

पाळण्याच्या समारंभात, बाळाला पाळण्यात बांधायच्या ऐन वेळी, भल्यामोठ्या पडद्यावर गावातल्या एका दिवंगत पशुवैद्याच्या पहिल्या पुण्यतिथीचं जेवण दिसू लागलं. बाळाच्या आजीनं किंकाळी फोडली. पशुवैद्याची विधवा नेमकी त्याच समारंभाला आली होती. तिनं डोळ्याला रुमाल लावला आणि जेवण चांगलं झालं होतं, अशी आठवण शेजारणीला सांगितली. दुसऱ्या दिवशी अबेकेंनी येरसाइनला बोलावून घेतलं.

अबेके म्हणजे ‘अल्तिन बेसिक’ या मेजवानीगृहाचे मालक. खरं नाव अब्दिकेरीम, पण ते फक्त आयकर खातं घेई. बाकी अख्खं तराज शहर त्यांना आदरानं अबेके म्हणे. येरसाइन त्यांच्याकडे संगणक सांभाळायला होता. रंगमंच आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत तो बसे. एका बाजूनं टाळ्या ऐकू येत आणि दुसऱ्या बाजूनं मटण शिजल्याचा वास येई. दोन्हींतलं त्याच्या वाट्याला फारसं काही येत नसे.

"चूक कुणाची?" अबेकेंनी विचारलं.

"कुणाचीच नाही, अबेके. डिस्कांची नावं बदलली."

"आपोआप?"

"आपोआपच. आपल्याकडे तीन डिस्का आहेत. एकीवर त्या दिवसाची फिल्म, दुसरीवर गाणी, तिसरीवर आजवरचे सगळे जुने समारंभ. संगणक सुरू झाला की तो त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशी नावं देतो. जिला आधी जाग येईल ती पहिली. काल वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि जुन्या समारंभांवाली आधी उठली. पडद्यानं पहिलीला फिल्म मागितली, तिनं तिच्याकडचं दिलं."

अबेकेंनी चहाचा पेला बाजूला सारला.

"म्हणजे, जो आधी येईल तो मानाच्या जागी बसणार?"

"तसंच म्हणा."

"आणि वडीलधारा माणूस चार पावलं हळू चालला, तर तो दाराशी, चपलांजवळ?"

"डिस्का आहेत त्या, अबेके."

"माझ्या छपराखाली आहेत! मी सात वर्षांचा असताना मामाकडे सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. म्हणून काय मेंढ्याची मुंडी माझ्यापुढे ठेवली? त्यातला कान काढून दिला. म्हणाले, आधी ऐकायला शीक. तुझ्या या यंत्राला कुणी कान वाढला नाही, हीच अडचण आहे."

येरसाइननं सांगितलं की त्यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक डिस्कवर कारखान्यातला क्रमांक असतो, एकीचा दुसरीला येत नाही. त्यावरून कायमचं नाव ठरवायचं. जगभर तसंच करतात.

"क्रमांकानं हाक तुरुंगात मारतात," अबेके म्हणाले. "घरात कोण मोठं हे ठरवायला ओळखपत्र बघतात का? वय बघतात. वय असतं का यांना?"

इथं येरसाइनच्या तोंडून खरं बोललं गेलं. "असतं. आजवर किती तास चालली, ते प्रत्येक डिस्क स्वतःच्या पोटात नोंदवून ठेवते."

"मग झालं तर!" अबेकेंनी पेला पुन्हा जवळ ओढला. "बसव त्यांना वयाप्रमाणे."

येरसाइन तणतणत आपल्या खोलीत आला, पण विचार करता करता त्याला म्हाताऱ्याचं म्हणणं पटायला लागलं. तिन्ही डिस्का एकाच वेळी सुरू होत, एकाच वेळी बंद होत. म्हणजे तिघींचं वय बरोबरीनंच वाढणार. धाकटी काही केल्या थोरलीच्या पुढं जाणार नाही. वरून हे क्रमांकापेक्षा देखणंही होतं. त्यानं दोन दिवस बसून एक स्क्रिप्ट लिहिली. संगणक उठला की ती प्रत्येक डिस्कला अदबीनं वय विचारी. सर्वांत मोठी ती थोरली, तिच्याकडे मानाचं काम, म्हणजे त्या दिवसाची फिल्म. मधलीकडे गाणी. धाकटीकडे जुने समारंभ. पुढं-मागं चौथी आलीच तर असावं म्हणून त्यानं शेंडेफळ हेही एक नाव लिहून ठेवलं. सूत्रधाराच्या हातात एक बटण दिलं. ते दाबलं की पडदा थोरलीकडून फिल्म घेई आणि कर्णे मधलीकडून आवाज घेत.

एक शंका मात्र त्याला होती, आणि ती त्यानं विचारलीही.

"अबेके, समजा बाहेरून एखादी म्हातारी डिस्क आली, आपल्या थोरलीपेक्षाही मोठी, तर?"

अबेकेंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं ते उष्टं टाकणाऱ्याकडे पाहत.

"तर उठून जागा द्यायची. यात विचारण्यासारखं काय आहे?"

त्यानंतर वीज कित्येकदा गेली आणि आली, पण डिस्का आपापल्या जागा सोडून हलल्या नाहीत. अबेके पाहुण्यांना मागच्या खोलीत आणून संगणक दाखवू लागले. "पोरं ऐकत नाहीत," ते म्हणत, "पण हा ऐकतो."

अशात सेइतकासिम गुरुजींची सत्तरी आली.

सेइतकासिम म्हणजे येरसाइनच्या बहिणीचे, आयनाशचे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी त्यांना समोरून येताना पाहिलं की पन्नाशीचे पुरुष सिगारेट पाठीमागं लपवत. आयनाश लग्न होऊन त्यांच्या धाकट्या मुलाच्या घरी, म्हणजे गुरुजींच्याच घरी, दोन वर्षं नांदत होती. तिचं मूल वर्षाचं होत आलं होतं. सत्तरीचा सोहळा ‘अल्तिन बेसिक’मध्ये ठरला आणि मुलीकडच्यांनी आहेर म्हणून गुरुजींच्या आयुष्यावरची फिल्म द्यायची, असं येरसाइननंच सुचवलं. तेव्हापासून त्याची आई, राबिगा, नीट झोपली नव्हती.

"उंट दिला असता," ती सोहळ्याच्या सकाळी त्याला म्हणाली. "उंट दारात बांधला की काम संपलं. उंट बंद पडत नाही."

"अपा, फिल्म तयार आहे. मी स्वतः केलीय. निवेदनाला आकाशवाणीचा माणूस आणलाय."

"शिंगरा माझ्या, नवरा-बायकोचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्यांचं हजार वर्षांचं. आज आपल्याकडून काही वाकडं झालं, तर तुला कोण बोलणार? कुणी नाही. ऐकावं लागेल ते आयनाशला. जन्मभर. चहाच्या प्रत्येक पेल्यासोबत."

"काही होत नाही."

"तुझे वडीलही असंच म्हणायचे," ती म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. वडील असं म्हणाले की काय व्हायचं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पाहुणे यायच्या थोडं आधी गुरुजींच्या बायको, विहीण उल्मेकेन, मागच्या खोलीत आल्या. उंच, धिप्पाड, मखमली झगा घातलेली बाई. त्यांनी पिशवीतून खारे बोरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, बांधलेलं फडकं काढलं, ते बाजूला ठेवलं आणि त्याखालून एक धुळकट, जडशीळ डिस्क काढून येरसाइनच्या पुढ्यात ठेवली.

"ह्यांचे शाळेतले फोटो आहेत यात. फिल्ममध्ये घाल."

"आत्ता? विहीणबाई, फिल्म तर—"

"तुला जमत नसेल तर तसं सांग. मी म्हणेन, मुलीकडच्यांना नाही जमलं."

"जमेल," येरसाइन म्हणाला.

"घरात हीच सगळ्यात मोठी होती, म्हणून पोरानं फोटो हिच्यावर भरले," त्या जाता जाता म्हणाल्या. "आधी अंगणातल्या कॅमेऱ्याला होती. मेंढ्या चोरीला जायच्या ना."

येरसाइननं डिस्क जोडली, घाईघाईनं फोटो काढून घेतले, फिल्ममध्ये बसवले, नवी फिल्म थोरलीवर ठेवली आणि घाम पुसला. पाहुणी डिस्क काढून ठेवायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात राबिगानं दारातून हात घालून त्याचा दंड धरला.

"चल. नव्वदीचे आजोबा आशीर्वाद देताहेत. मुलीचा भाऊ नसेल तर काय दिसेल ते?"

"अपा, एक मिनिट—"

"हात वर धरून चालायला लाग."

सभागृहात तीनेकशे माणसं ओंजळी पसरून बसली होती. व्यासपीठावर गुरुजींचे थोरले चुलते काठीवर रेलून आशीर्वाद देत होते. येरसाइन आईशेजारी उभा राहिला आणि त्यानंही ओंजळ पसरली. आजोबांनी मेंढ्यांपासून सुरुवात केली. मेंढ्यांना जुळी होवोत. घोड्यांच्या पाठी न मोडोत. मग ते उंटांकडे वळले. उंटांचं चालू असताना दिवे गेले.

स्वयंपाकघरात कुणीतरी चहाचे सगळे विजेचे सामोवर एकदम लावले होते. दिवे लगेच आलेही. आजोबांनी उंट जिथं सोडला होता तिथूनच पुढं नेला. येरसाइनला काहीच वाटलं नाही. असं नेहमी व्हायचं. संगणक पुन्हा सुरू होईल, स्क्रिप्ट उठेल, ज्याची जागा त्याला देईल. मग, आजोबा गायींपर्यंत पोचल्यावर, त्याला आठवलं. पाहुणी डिस्क काढायची राहिली होती.

मागच्या खोलीत काय झालं असेल, ते त्याला डोळ्यांनी दिसावं तितकं स्पष्ट कळलं. स्क्रिप्टनं चौघींना वय विचारलं असेल. आपली थोरली चार वर्षांची, तीही समारंभ असेल तेव्हाच कामावर. आणि पाहुणी? वर्षानुवर्षं, दिवसरात्र, उन्हातान्हात मेंढ्या राखत बसलेली. तिचं वय तिघींच्या वयाच्या बेरजेपेक्षाही जास्त भरलं असणार. स्क्रिप्टनं तिला मानाच्या जागी बसवलं असेल. थोरली उठून मधली झाली असेल, मधली धाकटी, धाकटी शेंडेफळ. कुणीही कुरकुर केली नसेल. डिस्का वळणाच्या होत्या.

"अपा," तो ओठ न हलवता म्हणाला, "मला आत जायचंय."

"हात वर."

"अपा, ती डिस्क—"

"आजोबा पावसावर आलेत. मध्येच हात खाली घेतलेस तर आशीर्वाद सांडतो. पाऊस पडला नाही तर लोक म्हणतील, राबिगाच्या मुलानं सांडला."

पावसानंतर शेजारच्या देशांशी सलोखा झाला, मग नातवंडं झाली, मग पतवंडं. शेवटी सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि येरसाइननं खोलीच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकता आलं नाही. विहीणबाईंनी त्याला पाठीमागून आहेराचा झगा चढवला होता. जरीचा, निळ्या मखमलीचा, दोन येरसाइन मावतील एवढा. झगा अंगावर घालून त्यांनी कॉलर हातातच ठेवली आणि दुसऱ्या हातात ध्वनिवर्धक घेतला.

"हा आमच्या सुनेचा भाऊ," त्या म्हणाल्या. "गरीब आहे, पण सुस्वभावी."

टाळ्या झाल्या.

"आता सुनेबद्दल दोन शब्द. ही आमच्याकडे आली तेव्हा सूर्य वर आला तरी डोळे चोळत असायची. मी खोटं बोलणार नाही. आईच्या घरी लाडाची होती."

राबिगानं हसू चेहऱ्यावर तसंच ठेवलं. त्यासाठी तिला दोन्ही हातांनी हातरुमाल पिळावा लागला. सामोवरापाशी चहा ओतत उभी असलेली आयनाश खाली बघू लागली.

"आणि आता?" विहीणबाईंचा आवाज चढला. "आता पहाट फुटायच्या आधी आमचं अंगण आरशासारखं असतं. बर्फ असो, चिखल असो. लंगोट धुऊन दोरीवर. मी एकदाही तिला हाक मारली नाही. एकदाही! सासूनं वळण लावलं की सुनेला बोलवावं लागत नाही."

सभागृहातल्या सगळ्या सासवांनी माना डोलावल्या आणि सगळ्या सुनांनी पेले पुसायला घेतले. सेइतकासिम गुरुजी मात्र समोरच्या ताटातल्या मुंडीकडे एकटक पाहत होते. जणू ती त्यांचा जुना विद्यार्थी असावी आणि नाव आठवत नसावं.

"आणि आता पाहू या," सूत्रधार गरजला, "आपल्या गुरुजींचा जीवनपट!"

"नको!" येरसाइन म्हणाला, पण त्याची कॉलर विहीणबाईंच्या हातात होती. सूत्रधारानं बटण दाबलं.

पडद्यावर निळसर उजेडात एक अंगण दिसलं. बर्फ पडलेला. कोपऱ्यात गेल्या हिवाळ्यातली तारीख. आणि त्याच वेळी कर्ण्यांनी, नेहमीप्रमाणे, मधलीकडे आवाज मागितला. आता मधलीच्या जागी जुनी थोरली होती आणि तिच्याकडे होती ती फक्त फिल्म. तिनं फिल्मचा आवाज दिला. आकाशवाणीचा माणूस घनगंभीर स्वरात बोलू लागला.

"पहाटेची नीरव वेळ. सारं गाव झोपेत असताना एक माणूस जागा असे…"

दार उघडलं. अंगणात एक माणूस आला. रात्रीचा पायजमा, वर बायकोची शाल, पायात रबरी बूट. हातात खराटा. त्यानं डावी-उजवीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि बर्फ झाडायला लागला. तो सेइतकासिम होता.

पाहुणे कौतुकानं बघत होते. एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "आजकाल असंच काढतात. नाट्यरूप." अबेकेंनीही मान डोलावली. पडदा ठरल्या वेळी सुरू झाला होता, आवाज आला होता, सगळं रांगेत होतं.

"...शिस्त त्यांनी दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतः अंगी बाणवली…"

पुढचा तुकडा. दुसरा दिवस, तेच अंगण. माणूस बादलीतून लंगोट काढून पिळत होता आणि दोरीवर टाकत होता. थंडी अशी होती की लंगोट टाकता टाकता पापडासारखे कडक होत. एक वाकेना, तेव्हा त्यानं तो गुडघ्यावर ठेवून मोडला.

"...हाती घेतलेलं काम त्यांनी कधीही अर्ध्यावर सोडलं नाही…"

मागच्या बाकावरून कुणीतरी फसकन हसलं. गुरुजींनी सवयीनं त्या दिशेनं पाहिलं आणि हसणारा साठीचा गृहस्थ सवयीनं उभा राहिला.

आणखी एक तुकडा. अंगण झाडून झालं होतं. माणूस पाय न वाजवता आत गेला. अंगण क्षणभर रिकामं. मग दार धाडकन उघडलं आणि तोच माणूस पुन्हा बाहेर आला. आता डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, अंगात कोट. त्यानं मोठ्यांदा खाकरल्यासारखं केलं, हात पाठीमागं बांधले आणि स्वतःच झाडलेल्या अंगणाची पाहणी करत फिरू लागला. एका ठिकाणी थांबून समाधानानं मानही हलवली.

"...आणि इतरांच्या कामाचं मोल ओळखण्यात ते कधी कंजुषी करत नसत."

आता मात्र कुणालाही ते नाट्यरूप वाटलं नाही. बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीत एकच प्रश्न होता. तो शेवटी एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलाच.

"मग सून कुठाय?"

आयनाशच्या हातातला पेला भरून वाहत होता, तिच्या लक्षात नव्हतं. राबिगाचे ओठ पांढरे पडले होते. सासरा बर्फात लंगोट वाळत घालतो आणि सून अंथरुणात! उद्या सकाळपर्यंत ही बातमी शहरभर होणार आणि परवापर्यंत आयनाश माहेरी. येरसाइन झग्यातून निसटायला लागला.

"हलू नकोस," विहीणबाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या. कॉलरवरची मूठ आवळली. त्या पडद्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी ध्वनिवर्धक तोंडाशी नेला.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकांवरचे लोक पुढं वाकले.

"चाळीस वर्षं मी या माणसाला सांगतेय, स्वतःचा चहाचा पेला तरी उचलत जा. नाही उचलला. अख्खी शाळा वळणावर आणली, एक विद्यार्थी तेवढा राहिला. मी हरले. आणि या पोरीनं…" त्या आयनाशकडे वळल्या, "एक शब्द न बोलता! दोन वर्षांत! अंगण, लंगोट, सगळं!" मग त्या राबिगाकडे वळल्या. "विहीणबाई, काय शिकवून पाठवलीत हो मुलगी? मला आधी भेटला असतात तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं."

हशाचा असा स्फोट झाला की टांगलेली झुंबरं किणकिणली. सासवा हसत होत्या, सुना त्याहून मोठ्यानं हसत होत्या. पुरुष हसताना आधी आपापल्या बायकांकडे बघून घेत होते. राबिगाला पुन्हा रंग चढला.

"आमच्याकडच्या मुली तशाच," ती विनयानं म्हणाली. "आम्ही बोलत नाही फारसं."

सोहळा जोरात झाला. पुढं जेवणं, नाच, आहेर, सगळं झालं. येरसाइन मागच्या खोलीत बसून होता, निळा झगा अंगातच. पाहुणी डिस्क त्यानं काढून मांडीवर घेतली होती. दार उघडलं आणि सेइतकासिम आत आले. त्यांनी दार लावून घेतलं.

"गुरुजी, माझी चूक," येरसाइन उठून उभा राहिला. "मी क्रमांकावरून—"

"ते जोड परत."

"पुसून टाकतो. आत्ता."

"जोड म्हटलं ना."

येरसाइननं जोडली. गुरुजींनी चष्मा लावला आणि छोट्या पडद्याशी वाकून आपलं झाडणं सुरुवातीपासून पाहिलं.

"थांबव. तो कोपरा. हौदाजवळचा."

"हो."

"तिथं बर्फ राहिलाय?"

"थोडासा."

"हं." ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी पाठ धरली होती."

येरसाइननं त्यांच्याकडे खुर्ची सरकवली.

"मूल रात्रभर जागवतं तिला," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. "पहाटे कुठं डोळा लागतो. मी तसाही जागाच. या वयात झोप येते कुणाला? मग बसून काय करायचं?"

"मग घरी सांगून टाकायचं ना."

गुरुजींनी चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं. "मी मुख्याध्यापक होतो," ते म्हणाले. त्यांच्या मते उत्तर पूर्ण होतं. दाराशी जाऊन ते थांबले. "पुसू नकोस. उल्मेकेनला हवंय. पाहुण्यांना दाखवणार म्हणते." आणि जरा खालच्या आवाजात, "तो हौदाचा तुकडा तेवढा काढता आला तर बघ."

दुसऱ्या दिवशी येरसाइननं अबेकेंपुढं राजीनाम्याची भाषा काढली. अबेकेंनी ती ऐकूनच घेतली नाही. त्यांच्या दृष्टीनं स्क्रिप्टचं काहीच चुकलं नव्हतं. पाहुणी वयानं मोठी होती, तिला जागा दिली. यापेक्षा चांगलं वळण कुठं बघायला मिळतं? येरसाइननं मग तोंड बंद ठेवलं आणि गुपचूप क्रमांकावर चालणारी नवी स्क्रिप्ट बसवली. अबेके अजूनही पाहुण्यांना खोलीत आणून सांगतात की डिस्का वयाप्रमाणे बसतात. येरसाइन मान डोलावतो.

आठवड्याभरानं आयनाशचा फोन आला. आवाज दबका होता.

"अगा, एक विचारू?"

"सासू काही बोलल्या का?" येरसाइन ताडकन उठून बसला. "फिल्मवरून?"

"छे! त्या तर मला खुर्चीवरून उठू देत नाहीत. भानगड वेगळीच झालीय. आता लपवायचं काही उरलं नाही ना. सासरे पहाटे उघड उघड खराटा घेऊन निघतात. म्हणतात, सगळ्या तराजनं पाहिलंय, आता थांबलो तर लोक म्हणतील, सोहळ्यापुरतं होतं. आणि सासूबाई त्यांच्या मागं. म्हणतात, मला आळशी ठरवायचंय का, द्या इकडे. माझ्या खिडकीखाली, अगा! एक खराटा, दोघांचे चार हात. बाळ उठतं. मग मी उठते."

"दुसरा खराटा आणा."

"आणला. तर नवा कुणी घ्यायचा यावरून भांडले. ते म्हणाले, तू घे. त्या म्हणाल्या, मी का, मी काय म्हातारी झाले का."

"मग आता काय करतेस?"

पलीकडे दार हळूच लावल्याचा आवाज आला. बाळाचा कुठं आवाज नव्हता.

"मी त्यांच्याही आधी उठते," आयनाश म्हणाली. "झाडून टाकते आणि परत येऊन झोपते. कुणाला सांगू नकोस. सासऱ्यांना वाटतं सासूबाईंनी झाडलं, सासूबाईंना वाटतं सासऱ्यांनी. दोघं एकमेकांवर इतके खूश आहेत, की सध्या चहासुद्धा एकमेकांना ओतून देतात."